टेबलावरचा पसारा आणि कागदांचा ढीग: आवरायचं कसं आणि कोणत्या क्रमाने

टेबल आवरायचं ठरलं की बहुतेक जण आधी दुकान गाठतात. रंगीत फोल्डर, तीन मजली ट्रे, लेबलांची पाकिटं, पेनांचं स्टँड अशी खरेदी होते आणि मग त्यात काय ठेवायचं याचा शोध सुरू होतो. म्हणजे आधी कळस, मग पाया. महिन्याभरात ट्रेचा खालचा मजला कोणी उघडूनही बघत नाही, एका जाड फोल्डरवर ‘महत्त्वाचे’ अशी चिठ्ठी लागते आणि पसारा आडवा होता तो उभा होतो, एवढाच फरक.

टेबलावर पडून राहिलेल्या जवळजवळ प्रत्येक कागदाचा एक निर्णय अडलेला असतो. पैसे भरायचे का, उत्तर द्यायचं का, ठेवायचा की फाडायचा, ठेवायचा तर कुठे. म्हणून आधी वाटणी, मग रद्दी बाहेर, मग कामाचे कागद मार्गी, त्यानंतर फाइली आणि टेबलाची मांडणी सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटापालटा केला की तोच कागद तीन-तीनदा हातात येतो.

टप्पा १: ढीग मोजा आणि जागा मोकळी करा

पट्टी घ्या आणि ढिगाची उंची मोजा. नेहमीच्या ८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) ५०० कोऱ्या कागदांचं रीम साधारण ५ सेंटिमीटर जाड असतं, म्हणजे एका सेंटिमीटरला १०० कागद. वापरलेले, घड्या पडलेले, टाचलेले कागद फुगतात. त्यांचे सेंटिमीटरला ७० धरा. ढोबळ वाटणीत एका कागदाला चार सेकंद लागतात. १० सेंटिमीटरच्या ढिगाला पाऊण तास झाला. ढीग ३० सेंटिमीटरचा असेल तर एका बैठकीत संपवण्याच्या भानगडीत पडू नका. दोन-तीन बैठका आधीच ठरवा. अर्धवट सोडलेली आवराआवर मूळ पसाऱ्यापेक्षा वाईट, कारण आता कागद टेबलावरही असतात आणि जमिनीवरही.

जवळ ठेवायच्या वस्तू मोजक्याच: चार रिकामे खोके, एक मोठं पाकीट, जाड मार्कर, टाचण्या उपसायचं साधन, पेन्सिल. पंखा बंद करा. फोन दुसऱ्या खोलीत.

मग टेबलावरचं सगळं उचला. सगळं म्हणजे सगळं: कागद, पेनं, वायरी, चष्म्याचं घर, बंद पडलेलं कॅल्क्युलेटर. कागद एकीकडे, वस्तू दुसरीकडे. खण, पिशव्या आणि कपाटावर ‘तात्पुरते’ ठेवलेले गठ्ठेही याच ढिगात आणा. एक खण ‘त्यात काही नाही’ म्हणून सोडला, तर नेमका हवा असलेला कागद त्यातच निघतो आणि सगळी वाटणी पुन्हा उघडावी लागते.

तपासा: टेबल पूर्ण रिकामं दिसतंय का? पुसून घ्या आणि कोरडं होऊ द्या. ओलसर लाकडावर कागद ठेवला की चिकटतो.

टप्पा २: ढोबळ वाटणी, न वाचता

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. लोक कागद हातात घेतात, वाचतात, आठवणीत रमतात, त्यातल्या एका बिलाचे पैसे भरायला फोन उचलतात. तासाभराने ढीग दोन सेंटिमीटर उतरलेला असतो. या टप्प्यात कागदाचा मथळा आणि तारीख एवढंच बघायचं, आणि चारांपैकी एका खोक्यात टाकायचा:

१. करायचं: ज्यावर कोणाला तरी काहीतरी करावं लागणार आहे. भरायचं बिल, सही हवी असलेला फॉर्म, उत्तर द्यायचं पत्र.
२. ठेवायचं: काम संपलंय, पण पुरावा म्हणून लागेल.
३. रद्दी: जाहिराती, मुदत संपलेली निमंत्रणं, रिकामी पाकिटं, तिसरी-चौथी झेरॉक्स.
४. फाडायचं: नको आहे, पण त्यावर खाते क्रमांक, सही, जन्मतारीख किंवा ओळखपत्राचा नंबर आहे.

पाचवं खोकं ‘नंतर बघू’ असं ठेवू नका. निम्मा ढीग त्यातच जाऊन बसतो. त्याऐवजी ते मोठं पाकीट घ्या, त्यावर ‘शंका’ आणि आजपासून तीन महिन्यांनंतरची तारीख लिहा. ज्या कागदाचा निर्णय खरोखर होत नाही, तो त्यात. पाकीट दोन सेंटिमीटरच्या वर फुगलं, तर समजा की शंका नाही, चालढकल चालली आहे.

पाकिटात आलेली पत्रं पाकिटातून काढा आणि उलगडून सपाट करा. एका पाकिटात दोन कागद असतील (बिल आणि त्यासोबत जाहिरात) तर लगेच वेगळे करा. टाचलेले गठ्ठे मात्र या क्षणी सोडवू नका. ते एकत्र का टाचले होते, हे पुढच्या टप्प्यात बघितल्यावरच कळतं.

सावधान: रिकामं वाटणारं पाकीट उजेडात धरून मगच टाका. चेक आणि छोट्या पावत्या पाकिटाच्या तळाशी चिकटून बसलेल्या असतात.

टप्पा ३: रद्दी आणि फाडायचे कागद त्याच दिवशी घराबाहेर

रद्दीचं खोकं दुसऱ्या दिवसावर ठेवलं की कोणीतरी त्यात हात घालतं आणि ‘हे राहू दे’ म्हणत चार कागद परत टेबलावर आणतं.

फाडायच्या कागदांसाठी श्रेडर असेल तर उभ्या-आडव्या दोन्ही बाजूंनी कापणारा चांगला. नुसत्या लांब पट्ट्या पाडणाऱ्याचे तुकडे चिकाटीने जुळवता येतात. यंत्रावर लिहिलेल्या क्षमतेपेक्षा दोन कागद कमी घाला, टाचण्या काढून घाला. श्रेडर नसेल तर नंबर आणि सहीचा भाग फाडून वेगळा करा, रात्रभर पाण्यात भिजवा आणि हाताने लगदा करा. बाकीचा कागद रद्दीत चालतो. चकचकीत गुळगुळीत पावत्या कागदाच्या रद्दीत घालू नका; त्यांच्यावरच्या रासायनिक थरामुळे त्या पुनर्वापराला सहसा चालत नाहीत.

टप्पा ४: ‘करायचं’ खोकं

आता वाचायचं. प्रत्येक कागदावर पेन्सिलीने वरच्या उजव्या कोपऱ्यात एकच क्रियापद लिहा: ‘भर’, ‘सही’, ‘विचार’, ‘पाठव’. क्रियापद सुचत नसेल तर तो कागद ‘करायचं’मधला नाहीच; तो ‘ठेवायचं’मध्ये टाका किंवा रद्दीत.

दोन मिनिटांत होणारं काम हातासरशी उरका. उरलेल्यांचे दोन भाग करा.

पहिला भाग, तारीख असलेले. हे एका लाल फोल्डरमध्ये घाला, तोच ‘करायचं’ फोल्डर. तारीख कॅलेंडरमध्ये लिहा, आणि शेवटच्या तारखेची नको, काम करण्याच्या दिवसाची लिहा. भरण्याची अंतिम तारीख २० असेल तर नोंद १५ ला: ‘वीजबिल भरणे, कागद लाल फोल्डरमध्ये’. कागद कुठे आहे हे नोंदीतच असलं पाहिजे. बरेच जण कागद डोळ्यांसमोर राहावा म्हणून टेबलावर ठेवतात. चार दिवस तो दिसतो, पुढे डोळा सरावतो आणि कागद समोर असूनही दिसेनासा होतो. आठवण करून देण्याचं काम कॅलेंडरचं आहे, कागदाचं नाही.

दुसरा भाग, वाट पाहण्याचे. आपण आपलं काम केलंय, समोरच्याकडून उत्तर यायचंय. यांच्यासाठी वेगळा फोल्डर ठेवा आणि प्रत्येक कागदावर चिकट चिठ्ठी लावून तीन गोष्टी लिहा: कोणाकडे आहे, कधी विचारलं, पुन्हा कधी विचारायचं. चिठ्ठी अशी दिसते: ‘विमा दावा, अर्ज ३ जूनला दिला, पोच मागे टाचली आहे, १७ जूनला फोन’. ही चिठ्ठी नसेल तर फोल्डर उघडल्यावर प्रत्येक कागद नव्याने वाचावा लागतो आणि शेवटी कोणी फोल्डर उघडतच नाही.

कार्यालयांत महिन्याच्या ३१ दिवसांचे आणि १२ महिन्यांचे असे ४३ फोल्डर वापरण्याची पद्धत आहे. कागदांची आवक मोठी असेल तर ती उत्तम चालते. घरच्या टेबलाला ती फार जड होते. दोन फोल्डर आणि एक कॅलेंडर पुरतं.

तपासा: ‘करायचं’ फोल्डरमध्ये २०-२५ पेक्षा जास्त कागद उरले का? मग त्यातले बरेच ‘कधीतरी करू’ जातीचे आहेत. ते ‘शंका’ पाकिटात हलवा.

टप्पा ५: ‘ठेवायचं’ खोक्यातून फाइली

गट किती करायचे? आठ ते दहा, त्याहून जास्त नकोत. पंचवीस फोल्डर केले की एकेकात तीन कागद येतात आणि एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत होते. घर, वीज-पाणी, बँक, कर, विमा, आरोग्य, शिक्षण आणि नोकरी, वाहन, वस्तूंची वॉरंटी. बहुतेकांचं एवढ्यात भागतं.

कागद कोणत्या गटात जाणार हे ठरवताना तो कुठून आला हे बघू नका, तो कोणत्या प्रसंगी शोधाल ते बघा. फ्रिजचं बिल ‘बिलं’ नावाच्या फाइलमध्ये गेलं तर फ्रिज बिघडेल तेव्हा सापडणार नाही. ते वॉरंटी कार्डासोबत ‘वस्तू’ गटात जायला हवं. गाडीच्या विम्याचा कागद विम्यात की वाहनात? दोन्ही बरोबर आहे. एक ठरवा, आणि दुसऱ्या फाइलच्या पहिल्या पानावर ‘गाडीचा विमा: वाहन फाइल बघा’ असं लिहून ठेवा.

‘इतर’, ‘किरकोळ’, ‘महत्त्वाचे’ ही तीन लेबलं बंद. पहिल्या दोन फाइलींत काहीही जातं आणि तिसरीत सगळंच.

फाइलमध्ये नवा कागद सर्वांत वर. जुना वर, नवा खाली असं लावलं तर प्रत्येक वेळी पूर्ण गठ्ठा उलटावा लागतो. लावताना कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढून टाकण्याचा महिना लिहा: ‘काढा: जून २०२९’. वर्षातून एकदा होणारी सफाई या एका सवयीने तासांवरून मिनिटांवर येते, कारण निर्णय आधीच झालेला असतो.

हा महिना कसा ठरवायचा? वॉरंटीचे कागद वॉरंटी संपेपर्यंत. नेहमीचं बिल, पुढच्या बिलात रक्कम जमा झालेली दिसेपर्यंत. करारपत्र, करार संपून देणंघेणं पूर्ण मिटेपर्यंत. कराचे कागद आपापल्या ठिकाणच्या नियमांत जेवढी मुदत आहे तेवढी. ती तपासून पेन्सिलीने लिहा, अंदाजाने नको. जन्म, विवाह, शिक्षण, मालमत्ता, मोठी आजारपणं आणि शस्त्रक्रिया यांचे कागद कायमचे. त्यांच्यावर ‘काढा’ असं काहीच लिहायचं नाही.

खरेदी करायची ती आता. प्रत्येक गटाच्या गठ्ठ्याची जाडी मोजा आणि त्याच्या दीडपट जागेची फाइल घ्या. ७-८ सेंटिमीटर रुंद पाठीच्या लिव्हर फाइलमध्ये साधारण ५०० कागद बसतात, पण ४०० च्या पुढे पानं उलटताना भोकं फाटायला लागतात.

भोकं पाडताना कागद मध्यावर हवा. नेहमीच्या दोन भोकांच्या पंचिंग मशीनमध्ये भोकांतलं अंतर ८० मिलिमीटर असतं आणि मध्यावर एक खूण असते. कागदाच्या कडेला मधोमध चिमटीने बारीक घडी पाडा आणि ती खुणेला लावा. अंदाजाने पाडलेल्या भोकांचे कागद फाइलच्या वर-खाली डोकावतात आणि त्यांच्याच कडा आधी दुमडतात.

सावधान: प्रमाणपत्रं, सही-शिक्क्याचे करार अशा मूळ कागदांना भोक पाडू नका, टाचू नका, चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका. ते परत काढता येत नाही, उठावाचा शिक्का तपासता येत नाही आणि काही ठिकाणी असा कागद नाकारला जातो. मूळ कागद पारदर्शक पाकिटात सुटे ठेवा.

टप्पा ६: कागद आतून खराब होतात ते कशाने

फाइल नीट लावली की काम झालं असं वाटतं, आणि पाच वर्षांनी पावती कोरी निघते.

दुकानातल्या बहुतेक पावत्या थर्मल कागदावर असतात. त्यांत शाई नसते; उष्णतेने कागदावरचा थर काळा पडून अक्षरं उमटतात. ओळखायची खूण: नखाने जोरात रेघ ओढा, काळसर ओरखडा उठला तर कागद थर्मल. ऊन, उष्णता, हाताला लागलेलं सॅनिटायझर, चिकटपट्टी आणि मऊ पीव्हीसीची पाकिटं यांनी अक्षरं उडतात. गरम लॅमिनेशनमधून काढली तर पावती सरळ काळी होते. म्हणून वॉरंटीची पावती घरी आली की त्याच दिवशी तिची साध्या कागदावर झेरॉक्स काढा आणि दोन्ही एकत्र ठेवा.

पारदर्शक पाकिटं घेताना पॉलिप्रॉपिलीनची घ्या. मऊ पीव्हीसीत लेझर प्रिंटची काळी पूड हळूहळू प्लॅस्टिकला चिकटते. पाकीट सोलताना अक्षरं त्याच्यासोबत निघतात. नव्या पाकिटाला प्लॅस्टिकचा उग्र वास येत असेल तर ते बाजूला ठेवा.

रबर बँड जुने झाले की आधी चिकट होतात, मग कडक होऊन तुटतात आणि कागदावर तपकिरी पट्टा सोडतात. टाचण्या दमट हवेत गंजतात. कायम ठेवायच्या गठ्ठ्यांतून दोन्ही काढा आणि कागदाचं दुमडलेलं आवरण घाला. फाइलींचं कपाट बाहेरच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीला टेकलेलं नको. खालचा कप्पा जमिनीपासून निदान १०-१५ सेंटिमीटर वर असावा.

टप्पा ७: स्कॅन

सगळं स्कॅन करायचा उत्साह आवरा. कायम ठेवायचे कागद, थर्मल पावत्या आणि वारंवार कोणाला तरी पाठवावे लागणारे कागद एवढेच करा. अक्षरांसाठी ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) पुरेसे असतात. शिक्के, निळ्या सह्या असतील तर रंगीत. फोनने काढत असाल तर कागद गडद पृष्ठभागावर सपाट, फोन समांतर, दिवा बाजूने. वरून दिवा असेल तर आपलीच सावली पडते.

फाइलच्या नावात तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने: ‘२०२५-०३-१४ वाहन विमा पॉलिसी’. नावानुसार लावल्यावर तारखांचा क्रम आपोआप लागतो. एक अडचण फक्त आपल्याला येते: काही नावांत मराठी आकडे आणि काहींत इंग्रजी आकडे असले की क्रम बिघडू शकतो. कोणतेही घ्या, पण सगळीकडे तेच.

प्रती तीन: एक संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर, एक घराबाहेर किंवा क्लाउडवर.

तपासा: स्कॅन उघडून चारही कोपरे, मागची बाजू आणि शेवटचं पान बघा. स्कॅन झाला म्हणून मूळ कागद फाडू नका; सही-शिक्क्याचा कागद अनेक कामांना मूळच लागतो.

टप्पा ८: टेबलाची मांडणी

कोपर न हलवता हात जिथवर पोचतो तो पट्टा रोजच्या वस्तूंचा: दोन पेनं, वही, कीबोर्ड. हात लांब करून पोचेल तिथे दिवसातून एक-दोनदा लागणाऱ्या वस्तू. बाकी सगळं खणात. समोर दोन ए-४ कागद शेजारी शेजारी मावतील एवढी, म्हणजे ४२ गुणिले ३० सेंटिमीटर जागा कायम रिकामी. पेनं आता एकेक लिहून बघा. न चालणारं पेन स्टँडमध्ये परत ठेवायचा मोह आवरत नाही, तेवढा आवरा. वायरींच्या दोन्ही टोकांना नाव लिहिलेली पट्टी लावा, वेल्क्रोने टेबलाच्या मागच्या पायाला बांधा. चालू एक्स्टेन्शन बोर्डाची वायर गुंडाळलेली ठेवू नका, ती तापते. अडॅप्टरवर कागद तर नकोच.

येणाऱ्या कागदांसाठी ट्रे एकच, एकाच मजल्याचा, कडा ५ सेंटिमीटरच्या. कागद कडेच्या वर आले की तो दिवस आवरण्याचा. खोल ट्रे घेतला तर ही सूचनाच मिळत नाही.

टप्पा ९: पुढे चालू ठेवायचं ते असं

नव्याचे नऊ दिवस संपले की टेबल पुन्हा भरतं, ते बहुधा एकाच जागी बिघडतं: कागद ट्रेमध्ये येतो, पण ट्रे रिकामा करण्याची वेळ ठरलेली नसते.

रोज उठताना दोन मिनिटं: सुटे कागद ट्रेमध्ये, कप बाहेर, पेनं जागेवर. त्या वेळी काही वाचायचं नाही.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, वीस मिनिटं: ट्रे तळापर्यंत रिकामा, प्रत्येक कागदावर क्रियापद किंवा ‘काढा’ महिना, ‘वाट पाहणे’ फोल्डरमधल्या चिठ्ठ्यांच्या तारखा बघणं आणि फाइलींत लावणं. लावायचे कागद ‘नंतर एकदम लावू’ म्हणून वेगळे साठवू नका; तोच पुढचा ढीग असतो.

तीन महिन्यांनी ‘शंका’ पाकीट उघडा. मधल्या काळात ज्या कागदाची आठवणही झाली नाही, तो फाडा. कायम ठेवायच्या जातीचा निघाला तरच फाइलमध्ये.

दर सहा महिन्यांनी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी एक कागद शोधायला सांगा, उदाहरणार्थ गाडीच्या विम्याची पॉलिसी. तुम्ही गप्प राहा. अर्ध्या मिनिटात सापडली तर लेबलं ठीक आहेत. ती व्यक्ती चुकीची फाइल उघडत असेल तर तिला समजावू नका. तिने जी फाइल आधी उघडली, तिथे ‘वाहन फाइल बघा’ अशी चिठ्ठी लावा.

वर्षातून एकदा ‘काढा’ महिने उलटून गेलेले कागद बाहेर. वॉरंटीच्या कागदांसोबत ती वस्तू घरात आहे का हेही बघा. विकून टाकलेल्या टीव्हीची पुस्तिका दहा-दहा वर्षं फाइलमध्ये सापडते.

प्रवास, आजारपण, घरातलं कार्य यामुळे महिनाभर ट्रेला हात लागला नाही, तर पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करायची गरज नाही. ट्रे उलटा करा, फक्त तारीख असलेले कागद आधी उपसा आणि मुदत जवळ आलेले त्याच दिवशी हातावेगळे करा. उरलेला गठ्ठा एका पाकिटात घालून त्यावर तो महिना लिहा आणि रिकाम्या ट्रेने नवा आठवडा सुरू करा. त्या पाकिटातले कागद पुढच्या चार आठवड्यांत, वीस-वीस मिनिटांच्या बैठकीत, दर वेळी थोडे थोडे लावून टाका.